1 लाख 85 हजारांच्या बिलाबद्दल आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या सेकंडहँड गाडीच्या कामाबद्दल तुम्ही इंटरनेटवर आमच्या गॅरेजला एक स्टार दिलाय. लिहिलंय की 45 हजार सांगून 1 लाख 85 हजार 700 घेतले, आठ दिवसांचं काम 23 दिवस लोंबकळत ठेवलं, आणि दोन महिन्यांत इंजिनचा लाइट लागला, म्हणजे गाडी आम्हीच बिघडवली. शेवटी, सांगलीत महागडी गाडी कुणी या लुटारूंकडं नेऊ नका, असंही आहे. तुमचं नाव, गाव, गाडीचा नंबर यातलं काही मी इथं लिहिणार नाही. पण मुद्दे उघड मांडलेत, तर उत्तरही उघडच द्यायला हवं. यात एक चूक नक्की आमची आहे, ती आधी सांगतो.

चूक उजव्या बाजूच्या एअर शॉकॉप्सरची, म्हणजे हवेच्या रबरी फुग्यावर गाडी तोलणाऱ्या शॉकॉप्सरची. डावा काढला तेव्हा उजव्यालाही तशाच चिरा दिसल्या. आमच्या पोरानं तुम्हाला फोन केला. तुम्ही गडबडीत होता, ‘बघून घ्या’ म्हणालात. पोरानं त्याचा अर्थ ‘करून टाका’ असा घेतला. 43 हजारांचं काम एवढ्या शब्दांवर करायचं नसतं. फोटो आणि आकडा व्हॉट्सॲपवर टाकायचा, होकार आला की मगच पान्याला हात लावायचा. फुग्यात हवा भरणाऱ्या कंप्रेसरच्या वेळी तसं केलं होतं, याच्या वेळी राहिलं. मालक मी आहे, त्यामुळं जबाबदारी माझी, पोराची नाही. त्या कामाचं लेबर 4,500 आणि पार्टवर आम्हाला सुटलेले 3,800, असे 8,300 रुपये तुम्हाला परत मिळतील. काढलेला शॉकॉप्सर जपून ठेवलाय. फुग्याच्या घडीवरून नख फिरवा, चीर हाताला लागते.

आता बाकीचं. गाडी आली तेव्हा तुमची तक्रार एकच होती, सकाळी डावा पुढचा कोपरा बसलेला असतो. चाक मडगार्डमध्ये शिरलेलं, गाडी चालू केली की तो कोपरा दोन-तीन मिनिटांनी हळूहळू वर येतो. लिफ्टवर घेऊन साबणाचं पाणी मारलं. फुग्याच्या खालच्या घडीत, दूध उतू जायच्या आधी कडेला येतो तसा बारीक फेस धरला. तुम्ही तिथंच उभे होता. ते 45 हजार त्या एका शॉकॉप्सरचे होते, आणि त्या दिवशी तेवढंच दिसत होतं.

पण या सस्पेन्शनचं गणित असं आहे की फुगा गळायला लागला की कंप्रेसरला उसंत मिळत नाही. एरवी अधूनमधून काही सेकंद चालणारं यंत्र प्रत्येक स्टार्टला मिनिटभर, दोन मिनिटं धापा टाकत राहतं. ते तापतं, आतली रिंग झिजते आणि त्याला वीज सोडणारा स्विच, म्हणजे रिलेही कधीकधी चिकटून बसतो. तुमच्या गाडीत हेच झालं होतं. नवा शॉकॉप्सर बसवल्यावरही गाडी पूर्ण उंचीला येईना. कंप्रेसर सोडवून नाकाशी धरला तर जळका वास. जुन्या कंप्रेसरवर तसंच पाठवलं असतं तर महिन्याभरात गाडी टोचन लावून आणावी लागली असती. कंप्रेसर आणि रिले मिळून 35,200. याचा तुमचा होकार व्हॉट्सॲपवर आहे.

गिअरबॉक्सच्या ऑइलला तुम्ही ‘नसतं काढलेलं काम’ म्हटलंय. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण 41 हजारांचं ते काम मी आग्रहानं करायला लावलं आणि परत आलात तरी तेच सांगेन. अशा बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं म्हणून लिहिलेलं असतं. पण अनेक जर्मन गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः सांगते की आपल्या गिअरबॉक्सचं ऑइल 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांत बदला. तुमची गाडी 2013 ची, 94 हजार चाललेली, आणि ऑइल एकदाही बदलल्याची नोंद नाही. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना झटका तुम्हालाही जाणवत होता. काढलेलं ऑइल कोऱ्या फडक्यावर टाकून दाखवलं, ते चहासारखं काळपट होतं. त्यात ऑइल पॅन आणि फिल्टर एकत्र येतात, म्हणून नुसत्या ऑइलच्या कामापेक्षा खर्च वाढतो. हेच चार-पाच वर्षं रेटलं तर पुढची पायरी गिअरबॉक्स उघडायची, आणि त्याचा आकडा मी इथं लिहीत नाही, उगाच कुणी घाबरेल.

बॅटरी 21,500. तुमच्या स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे थांबलं की इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाडीला एजीएम, म्हणजे वारंवार चार्जिंग सोसणारी बॅटरी लागते आणि बसवल्यावर स्कॅनरनं गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावं लागतं, नाहीतर चार्जिंग जुन्याच हिशेबानं होत राहतं.

तुम्ही लिहिलंय, ‘साडेअकरा लाखांच्या गाडीला दोन लाखांचं बिल?’ साहेब, हा प्रश्न माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांचा असतो. द्राक्षाचा हंगाम चांगला गेला की तासगाव-पलूसकडून पोरं पुण्या-मुंबईहून घेतलेली गाडी अभिमानानं घेऊन येतात, आणि पहिलं एस्टिमेट ऐकून तोंड उतरतं. मला ते बघवत नाही. खरी गोष्ट एवढीच आहे: गाडी जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. तुमची गाडी शोरूममधून निघाली तेव्हा पन्नास लाखांच्या आसपासची होती. तिचे शॉकॉप्सर, ब्रेक, सेन्सर आजही पन्नास लाखांच्या गाडीचेच आहेत. उलट आता रबर कडक झालंय, इंजिनजवळचं प्लास्टिक उष्णतेनं ठिसूळ झालंय, थर्मोस्टॅट आणि कूलंटची टाकी कधीही हात वर करतील. वॉरंटी संपलेली, आणि इतक्या वयाच्या गाडीला झिरो डेप, म्हणजे पार्टची झीज न कापता भरपाई देणारा विमाही बहुतेक ठिकाणी मिळत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, डिझेल आणि टायर सोडून वर्षाला लाख-सव्वा लाख बाजूला ठेवायची तयारी असेल तरच असली गाडी घ्या. एखाद्या वर्षी वीस हजारांत भागेल, एखाद्या वर्षी तुमच्यासारखं होईल.

बाहेर हाच पार्ट निम्म्या किमतीत मिळतो म्हणालात. मिळतो. पण तो स्क्रॅपच्या गाडीतून काढलेला असतो, आणि रबर गाडी चालली नाही तरी म्हातारं होतंच. तुमचा आग्रह असता तर लेखी घेऊन बसवला असता, गॅरंटी मात्र दिली नसती.

23 दिवसांचं असं झालं. चेसिस नंबर देऊन पार्ट मागवला, तरी आला तो साध्या डॅम्पिंगचा, म्हणजे धक्का शोषायचा कडकपणा न बदलणारा. तुमच्या गाडीला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा लागतो, सॉकेटच वेगळं असतं. तो परत पाठवून दुसरा येण्यात नऊ दिवस गेले. तेवढ्या दिवसांत आम्ही तुम्हाला एकच फोन केला, बाकी वेळा तुम्हीच चौकशी केलीत. इथं आम्ही कमी पडलो.

आता इंजिनचा लाइट. तुम्ही गाडी आणली नाहीत, फोटो पाठवलात. त्यावरचं चिन्ह डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचं आहे, त्याचा सस्पेन्शनशी किंवा गिअरबॉक्सशी काही संबंध नाही. सायलेन्सरच्या वाटेवरचा हा फिल्टर काजळी अडवतो आणि ती साधारण 600 अंशांवर जाळून टाकतो. एवढी उष्णता विश्रामबाग ते मार्केट यार्ड आणि परत, अशा फेऱ्यांत तयार होत नाही. जाळायला सुरुवात झाली की तुम्ही गाडी बंद करता, पुन्हा अर्धवट, पुन्हा बंद. शिवाय त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल न जळता इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते, ते वेगळंच. आठवड्यातून एकदा मिरजेवरून सोलापूर हायवेनं कवठेमहांकाळपर्यंत एका लयीत जाऊन या. कुणी फिल्टर काढून पोकळ पाइप लावून देतो म्हणेल. ते बेकायदा आहे, आम्ही करत नाही, तुम्हीही करू नका.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसावी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा गावातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून लांबच्या बाजारात विकायला गेल्या. पुण्याहून आलेली तुमची गाडी म्हणून मी स्वतः मागचं कार्पेट उचलून, सीटच्या रुळांखाली टॉर्च मारून बघितलं. गाळ नाही, गंज नाही, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर नाही. त्याचे पैसे लावले नव्हते, आणि तुम्हाला सांगायचंही राहून गेलं. गाडी चांगली आहे. घेण्याआधी कुणाकडून तरी तासभर लिफ्टवर बघून घेतली असती, तर शॉकॉप्सर आणि गिअरबॉक्सचे सव्वा लाख तुम्ही विकणाऱ्याकडून कमी करून घेऊ शकला असता. ती तपासणी आम्ही 2,500 रुपयांत करतो, वाचणाऱ्या इतरांनीही ध्यानात ठेवावं.

सोमवार सोडून कधीही या, सकाळी दहाच्या आत आलात तर बरं, तेव्हा लिफ्ट मोकळी असते. डिझेलची टाकी पाव तरी भरलेली असू द्या, त्यापेक्षा कमी असली की फिल्टर जाळायची प्रक्रिया सहसा सुरू होत नाही. स्कॅनर लावून, लागलं तर गाडी तुमच्यासोबत हायवेला नेऊन आणतो, त्याचं काही घेणार नाही. 8,300 रुपये पाकिटात घालून काउंटरला ठेवलेत, जुने दोन्ही शॉकॉप्सर आणि कंप्रेसरही तिथंच आहेत.