दादाचा ट्रक आणि ऐपत

आठवडा झाला, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा एक मेसेज डोक्यातून जात नाहीये. पणजीतल्या माझ्या चुलतभावाने लिहिलं की मध्यमवर्ग हौसेपायी बुडाला, ऐपत नसताना लोकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या, आपल्या डिचोलीचे खाणीवरचे ट्रकवालेच बघा, आणि 2008 ला अमेरिकेत तरी वेगळं काय झालं, न झेपणारी घरं घेतली नि बँका बुडवल्या. खाली सगळ्यांचे अंगठे. त्याची सरकारी नोकरी आहे, पहिल्या तारखेला पगार जमा होतो, त्याला ऐपत हा शब्द सोपा वाटतो.

मी 2007 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या स्विंडनला आलो. बाबा गोव्यात पोर्तुगीज राजवटीत जन्मले म्हणून पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, त्या जोरावर. महिनाही झाला नव्हता आणि टीव्हीवर नॉर्दर्न रॉक या इथल्या बँकेच्या शाखांबाहेर पैसे काढायला रांगा लागलेल्या दाखवत होते. ही बँक घराच्या किमतीच्या 125 टक्क्यांपर्यंत कर्ज देत होती, म्हणजे घर लाखाचं तर कर्ज सव्वा लाख. आणि तो पैसा बहुतेक ठेवीदारांचा नव्हताच, बाजारातून थोड्या थोड्या मुदतीवर उसना आणलेला. अमेरिकेतली बुडीत गृहकर्जं गठ्ठे बांधून, वर उत्तम दर्जाचा शिक्का मारून जगभर विकली होती, ती कोणाकडे किती आहेत ते कोणालाच कळेना, मग कोणी कोणाला उसने देईना आणि नॉर्दर्न रॉक आडवी झाली. फेब्रुवारी 2008 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. आता यात घर घेणाऱ्याची ऐपत बघायचं काम कोणाचं होतं?

दादाचं तेच. 2010 ला त्याने टिपर घेतला, राहतं घर गहाण टाकून. चीनला खनिज हवं होतं, खाणीवरून आमोण्याच्या जेटीवर दिवसरात्र ट्रकांची रांग, गावात सगळे घेत होते. बँकेचा माणूस स्वतः घरी आला, वहिनीच्या हातचा चहा पिऊन फॉर्म भरून गेला. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गोव्यातली खाणींची सगळी लीजं, म्हणजे भाडेपट्टे, नोव्हेंबर 2007 मध्येच संपली होती. म्हणजे दादाने ट्रक घेतला तेव्हा ज्या खाणीच्या भरवशावर बँकेने कर्ज दिलं तिला कायद्याने अस्तित्वच नव्हतं, आणि हे सरकारला, खाणमालकाला, बँकेला कळायला हवं होतं की दहावी झालेल्या माझ्या भावाला? नंतर खाणी चालू झाल्या त्या 2018 ला परत बंद. ट्रक फणसाखाली उभा राहिला. मी गेलो तेव्हा मागच्या हौद्यात पावसाचं पाणी साचलं होतं, पत्रा हाताने सोलून येत होता, आणि दादा रोज सकाळी इंजिन चालू करून दहा मिनिटं बसायचा, बॅटरी उतरू नये म्हणून.

हौस म्हणे!

इथे निदान लोक बँकांना शिव्या घालतात, आपल्याकडे शेजाऱ्याच्या ट्रकला घालतात. पण इथेही बँकांचा भुर्दंड भरला कोणी, तर 2011 ला व्हॅट 20 टक्के झाला, काउन्सिलची लायब्ररी, मुलांची सेंटरं बंद झाली, महागाई वजा केली तर पगार 2008 च्या जागी यायला दहा वर्षांहून जास्त लागली. पगार जागच्या जागी आणि घर मात्र वर वर, मधली फट कर्जाने भरायची, मध्यमवर्ग असाच झिजतो, इथे आणि तिथेही. माझ्या स्वतःच्या गृहकर्जाचा फिक्स, म्हणजे ठरलेल्या व्याजदराची मुदत, 2023 ला संपला आणि 620 पौंडांचा हप्ता 900 च्या वर गेला, मी वेअरहाऊसमध्ये शनिवारची नाइट घ्यायला लागलो. मी काय उधळलं होतं?

हे सगळं ग्रुपवर लिहायला घेतलं आणि चुलतभावाने एकच ओळ टाकली, तुझा पणजीजवळचा, पर्वरीचा फ्लॅट कसा आहे. तिथे अडलो.

2016 ला घेतला तो. पौंडात हिशेब केला तेव्हा स्वस्त वाटला. राहायला नाही, भाड्याला नाही, पैसे वाढावेत म्हणून आणि, खरं सांगायचं तर, गोव्यात आपल्या नावावर एक दार असावं म्हणून. भारतीय पासपोर्ट गेला, इथल्यांच्या दृष्टीने मी पोर्तुगीज, घरात कोकणी बोलतो, लिहायला मराठीच येते, पण डिचोलीच्या बाजारात आता मला किंमत वाढवून सांगतात. दिल्लीवाल्यांनी आसगावात व्हिला घेऊन गोवा महाग केला असं मीच ग्रुपवर कितीदा लिहिलंय. माझा फ्लॅट वर्षाचे अकरा महिने बंद असतो. त्याच बिल्डिंगमध्ये अर्ध्या खिडक्या तशाच बंद, दिवा नसतो.

दादाची मुलगी पर्वरीला नोकरीला लागलीये, मार्चमध्ये लग्न, दोघं भाड्याने जागा बघतायत आणि दोघांच्या पगारातून ते भाडं निघत नाही. वहिनी परवा फोनवर बोलली, थिवीकडे बघतोय म्हणाली, मग इथल्या थंडीची चौकशी केली. फ्लॅटबद्दल एक शब्द काढला नाही तिने. मी पण काढला नाही.