माशांच्या पिलांच्या खाद्यातील फॅटबद्दलच्या तक्रारीस उत्तर

नमस्कार.

आमच्या पिलांच्या खाद्याला आपण एक तारा दिला आहे. बॅगेवर फॅट केवळ ७ टक्के छापले आहे, जिताडा या माशाच्या खाद्यात ते १२ टक्के असते, म्हणजे आम्ही तेलात काटकसर करतो, असा आपला आक्षेप आहे. शिवाय वरून शेंगदाणा तेल चोळूनही शेततळ्यातील रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिले) वाढली नाही, असे आपण लिहिले आहे.

रोहू, कटला आणि मृगळ यांच्या पिलांना साधारण ६ ते ८ टक्के फॅट पुरते. जिताडा मांसाहारी असल्यामुळे पिष्टमय पदार्थांतून ऊर्जा मिळवणे त्याला फारसे साधत नाही. म्हणून त्याच्या खाद्यात फॅट अधिक असते, पण त्याबरोबर प्रथिनेही बहुधा ४० टक्क्यांच्या वर असतात. त्या बॅगेवरचा एकच आकडा उचलून आमच्या आकड्याशी ताडणे योग्य नाही.

तेल चोळल्याने वाढ का झाली नाही, हे मात्र सविस्तर सांगायला हवे. वजनास वजन धरले, तर फॅटमध्ये प्रथिनांच्या दुपटीच्या आसपास ऊर्जा असते आणि ऊर्जेची गरज भागली की मासा खाणे कमी करतो. त्यामुळे प्रथिने तेवढीच ठेवून नुसते तेल वाढवले, तर पिलू लवकर तृप्त होते आणि अंग धरण्यासाठी लागणारी प्रथिने त्याच्या पोटात कमी जातात. उरलेली चरबी यकृतात आणि आतड्यांभोवती साठते. खात्री करायची असल्यास एखादे मेलेले पिलू चिरून पाहावे: आतड्याच्या वेटोळ्यांत पसरलेले यकृत निरोगी असेल तर तांबूस-तपकिरी दिसते, चरबीने भरलेले असेल तर फिकट पिवळट.

शिवाय फॅट किती याइतकेच ते कोणते, हेही महत्त्वाचे आहे. सायप्रिनसच्या (रोहू-कटल्याच्याच कुळातल्या माशाच्या) पिलांना लिनोलेइक आणि लिनोलेनिक ही दोन्ही मेदाम्ले खाद्याच्या प्रत्येकी सुमारे १ टक्का लागतात, आणि शेंगदाणा तेलात दुसरे जवळजवळ नसतेच. जवसात ते भरपूर असते, पण ते तेल फार लवकर खवट होते. आम्ही सोयाबीन तेल आणि थोडे माशाचे तेल वापरतो. तेही हवेत आणि उन्हात टिकत नाही. आपण जोडलेल्या छायाचित्रात बॅग तोंड उघडी, पत्र्याच्या शेडखाली दिसते. खवट तेलामुळे खाद्यातील ई जीवनसत्त्वही नष्ट होते, त्यामुळे मूठभर खाद्य चोळून वास घ्यावा. खवट लागल्यास ती बॅग वापरू नये.

तेल चोळणे कृपया आजच थांबवावे. न उघडलेली एखादी बॅग शिल्लक असल्यास तिच्यातील अर्धा किलो खाद्य आपण निवडाल त्या प्रयोगशाळेत आमच्या खर्चाने तपासून घ्यावे. छापल्यापेक्षा फॅट कमी निघाल्यास सर्व बॅगांचे पैसे परत करू आणि तो अहवाल येथेच प्रसिद्ध करू.