करकपातीचा हिशेब

करकपात जाहीर झाली त्या संध्याकाळी मी कॅल्क्युलेटर, मागच्या वर्षीचे विवरणपत्र आणि नवे टोक काढलेली पेन्सिल घेऊन टेबलाशी बसलो आणि वाचणाऱ्या पैशांतून घ्यायच्या वस्तूंची यादी आधी केली, हिशेब नंतर. क्रम चुकला होता, हे तासाभरात कळले. सर्व टप्प्यांचे दर 1 टक्क्याने उतरले होते, म्हणजे माझ्या दर शंभर करपात्र उत्पन्नामागे 1 वाचणार होता. माझ्या दहापट कमावणाऱ्याचे मात्र माझ्या दहापट वाचणार होते. दोघांना अगदी समान न्याय. मी यादीतला सोफा खोडला.

मग वजावटींकडे, म्हणजे कर मोजण्याआधी उत्पन्नातून वगळल्या जाणाऱ्या रकमांकडे, वळलो. शंभराच्या वजावटीने 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे 30 वाचतात, माझ्यासारख्या 10 टक्केवाल्याचे 10, आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याचे काहीच नाही. थोडक्यात, ज्याला गरज कमी त्याला सवलत जास्त. त्यापेक्षा प्रत्येकाच्या करातून थेट ठरावीक रक्कम वजा करावी, असे माझे प्रामाणिक मत आहे. (मी 30 टक्क्यांच्या टप्प्यात गेलो की या मताचा फेरविचार करीन.)

‘‘अहो, पण तुम्ही कर वाचवायला ती पॉलिसी घेतली होती ना?’’ बायकोने विचारले. घेतली होती खरी. 10 वाचवण्यासाठी 100 अडकवले होते, तेही पंधरा वर्षांसाठी. इंग्लंडमध्ये 1696 साली घरांच्या खिडक्यांवर कर बसला, तेव्हा तो चुकवण्यासाठी लोकांनी आपल्याच खिडक्या विटांनी बुजवल्या आणि अंधारात बसले; तो कर थेट 1851 मध्ये रद्द झाला. इतकी वर्षे मी त्या लोकांना हसत आलो होतो. आता कपाटातल्या त्या पॉलिसीच्या जाड पाकिटाकडे पाहिले, तर ते हुबेहूब विटेसारखे दिसत होते.

कर हा तो देणाऱ्याला सोयीच्या वेळी आणि सोयीच्या रीतीने वसूल व्हावा, असे अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने 1776 मध्येच लिहून ठेवले आहे. माझ्या विवरणपत्राची मुदत मध्यरात्री संपत होती आणि अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पडद्यावर ‘रकाना 7 मधील रक्कम रकाना 4 शी जुळत नाही’ असे लाल अक्षरांत उमटले. रकाना 4 मध्ये काय भरायचे होते, हे रकाना 7 वर अवलंबून होते. अखेर करसल्लागाराला झोपेतून उठवले. त्याने दोन मिनिटांत चूक काढली आणि दुसऱ्या दिवशी बिल पाठवले.

करकपातीत वाचले होते जवळपास तेवढ्याच रकमेचे ते बिल निघाले. यादीतली उरलेली एकुलती एक वस्तू, टेबलावरचा दिवा, तीही मी खोडली. मात्र ही रक्कम आता करसल्लागाराला स्वतःच्या उत्पन्नात दाखवावी लागेल आणि त्यावर कर भरावा लागेल, हे लक्षात आले, तेव्हा कुठे मला शांत झोप लागली.