२० टनी पोकलेनला साडेतीन टनांची शिअर? टोकन देऊ नका

परवा रात्री भाच्याचा फोन. "मामा, सेकंडहँड शिअर मिळतेय, साडेतीन टनांची. आपल्या २० टनी पोकलेनला आरामात बसते म्हणतात. सकाळी टोकन देऊ का?" शिअर म्हणजे पोकलेनला लावायचा, लोखंड कापणारा हायड्रॉलिक जबडा. कोण म्हणतं, विचारलं, तर एक व्हिडिओ आणि त्याखालचा मेसेज पाठवला. हाच मेसेज महिनाभरात तीन ग्रुपवर माझ्याकडे आलाय.

मेसेजचं म्हणणं असं: शिअर कुठल्याही २० टनी मशीनला चालते. जबडा जितका मोठा तितकं काम जास्त. ब्रेकरच्याच (काँक्रीट फोडायच्या हातोड्याच्या) तेलाच्या लाइनवर जोडा. ठिणगी पडत नाही, त्यामुळे रूळ, शाफ्ट, टाकी काहीही कापा. आणि ब्लेड पार झिजेपर्यंत त्याच्याकडे बघायची गरज नाही. मी बावीस वर्षं हायड्रॉलिक्सची कामं करतोय आणि भाच्याने भोसरीतली एक जुनी शेड पाडायला घेतलीय. गप्प बसणं शक्य नाही.

आधी वजन. व्हिडिओ मध्येच थांबवून नीट बघा, त्या मशीनला आर्मच, म्हणजे बकेट धरणारा पुढचा दांडाच नाही. आर्म उतरवून शिअर थेट बूमला, म्हणजे मागच्या मोठ्या दांड्याला बसवलीय. तशी बसवली तर २०-२५ टनी मशीन साडेतीन टन सांभाळतं, एवढं मान्य. पण आर्म गेला म्हणजे जवळजवळ तीन मीटरची पोच गेली. शेडच्या ट्रसला, म्हणजे छपराखालच्या लोखंडी सांगाड्याला हात कसा पुरणार? भाच्याला शिअर हवीय बकेटच्या जागी, आर्मच्या टोकाला. तिथे आज टनाच्या आतली बकेट लटकतेय.

केबिनमध्ये किंवा मॅन्युअलमध्ये लोड चार्ट (हात किती लांबवला की किती वजन उचलता येतं, त्याचा तक्ता) असतो, तो काढा. तो आयएसओ १०५६७ या मानकाप्रमाणे बनतो: मशीन उलटायला लागणाऱ्या वजनाच्या ७५ टक्के किंवा हायड्रॉलिक ताकदीच्या ८७ टक्के, यातला जो आकडा कमी तो. तोसुद्धा पक्क्या, सपाट जमिनीवर. पाडकामाच्या साइटवर मशीन राडारोड्यावर उभं असतं. २० टनी मशीन आडवं वळवून सात-साडेसात मीटरवर हात लांबवला की हा आकडा तीन टनांच्या आसपास येतो, बऱ्याचदा त्याहून खाली. म्हणजे नुसती शिअरच जास्त झाली, मग तिने पकडलेल्या गर्डरचं वजन कुठे धरायचं? आर्मच्या टोकाला या मशीनला दोन टनांच्या आसपासचीच शिअर शोभते.

आता "काहीही कापा". हे वाचून माझं डोकं फिरलं. शिअरला ज्वाळा लागत नाही, गॅस कटर घेऊन माणूस गर्डरवर चढत नाही, आगीचा धोका कमी होतो. हे खरं आहे आणि त्यासाठीच ती घ्यावी. पण ती बनलीय साध्या बांधकामाच्या लोखंडासाठी, जे आधी वाकतं, मग कापलं जातं. रूळ किंवा कडक केलेला शाफ्ट वाकत नाही, फुटतो, आणि तुकडा गोळीसारखा सुटतो. माझ्या कपाटात असा एक तुकडा आहे, अंगठ्याएवढा. फुटलेली बाजू खडीसाखरेसारखी दाणेदार, चकचकीत. एका साइटवर तो केबिनची काच फोडून आत आला आणि ऑपरेटरच्या खांद्याला चाटून सीटच्या पाठीत रुतला. केबिनला जाळी नव्हती. हेल्पर तर बाहेर उघड्यावरच उभा असतो, त्याचं काय?

टाकीचं त्याहून वाईट. लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी पडू शकते. रिकामी दिसणारी डिझेलची किंवा सॉल्व्हंटची टाकी आत वाफेने भरलेली असू शकते. आधी ती धुऊन, वाफ काढून, गॅस मीटरने तपासायची. त्याशिवाय तिला जबडा लावायचाच नाही.

ब्रेकरच्या लाइनचं थोडक्यात सांगतो. ब्रेकरला तेल एकाच बाजूने जातं आणि परतीचं सरळ टाकीत येतं. शिअरच्या सिलिंडरला मिटायलाही दाब लागतो, उघडायलाही, म्हणजे लाइन दोन्ही बाजूंनी चालणारी हवी. फिरणारी शिअर असेल तर फिरवायला आणखी एक बारीक लाइन. ब्रेकरचा रिलीफ (जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह) कमी दाबावर लावलेला असतो. त्यावर जबडा मिटतो, गर्डर चेपतो, पण कापत नाही. मग ऑपरेटर मशीन मागे घेऊन गर्डर ओढून तोडतो आणि सांध्यांतल्या पिन-बुशची वाट लागते.

मोठ्या जबड्याचं म्हणाल, तर जोर जबड्याच्या बिजागरीच्या पिनजवळ असतो, टोकाला नाही. जबड्यात मावलं म्हणजे कापलं जाईल असं नसतं. आणि आरसीसी कॉलमला क्रशर, म्हणजे काँक्रीट चुरणारा जबडा लावा. काँक्रीट चावून शिअरची धार जाते.

दोन ब्लेडमधली गॅप (फट) मात्र रोज बघायची. ती वाढली की पातळ पत्रा न कापता दुमडून दोन ब्लेडच्या मध्ये शिरतो आणि जबडा अडकतो. मग तो सोडवण्यात अर्धा दिवस जातो. बहुतेक ब्लेडना चार धारा असतात. एक गेली की फिरवून लावा, मागे शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला, फीलर गेजने (फट मोजायच्या पट्ट्यांनी) मोजून मॅन्युअलशी ताडा.

भाच्याने टोकन दिलेलं नाही. त्याच्याकडून लोड चार्टचा फोटो, शेडमधल्या सगळ्यांत जाड गर्डरचं माप आणि शिअरच्या नेमप्लेटचा फोटो मागवलाय. पहिले दोन आले. वजन आणि दाब जिच्यावर लिहिलेले असतात ती नेमप्लेट कधीतरी निघून पडली, असं विकणारा सांगतोय. ती शिअर कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही, असं मी त्याला कळवलंय.