कंडक्टरची भाषा

आमच्या घरच्या ग्रुपवर मामा अजून त्या कंडक्टरवरच अडकलेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये मराठी-कन्नडवरून वाद झाला, कंडक्टरला मार बसला. लगेच चित्रदुर्गाकडे महाराष्ट्राच्या एसटी ड्रायव्हरच्या तोंडाला काळं फासलं आणि दोन्हीकडच्या गाड्या बंद. मामांचं पालुपद एकच, "आपल्या गावात आपली भाषा बोलायला त्याला काय होतंय?" पलीकडच्या गल्लीत कुणी कन्नड मामा हेच उलट्या तोंडानं म्हणत असणार. मार खाल्लेले दोघंही ड्यूटीवर होते, हे दोन्ही मामांच्या गावी नाही.

मी आता बार्सिलोनात. रोज पारालेलच्या मेट्रो स्टेशनला उतरतो. जिना चढून वर आलं की तीन धुराडी दिसतात, जुन्या वीजकेंद्राची. त्या वीज कंपनीला लोक 'ला कानादिएन्से' म्हणत. फेब्रुवारी १९१९ मध्ये तिनं आठ कारकुनांना काढलं आणि संप पेटला. शहर अंधारात, ट्राम जागेवर. छापखान्यातल्या कामगारांनी तर संपाविरुद्धचे हुकूम छापायलाच नकार दिला. ४४ दिवस चाललं हे. एप्रिलमध्ये स्पेनच्या सरकारनं आठ तासांचा दिवस मान्य केला.

मागे होती सेनेते ही युनियन. पक्ष नको, निवडणूक नको, उद्या कारखाने युनियननंच चालवायचे, असा त्यांचा हिशेब. जुलै १९३६ मध्ये इथल्या ट्राम खरंच कामगारांनी ताब्यात घेऊन चालवल्या, लाल-काळ्या रंगवून. सभासदांत इथली कातालान भाषा बोलणारे होते, तसे आरागोन-मुर्सियाहून पोटासाठी आलेले स्पॅनिश बोलणारेही. सभेला जाताना कुणी कुणाची भाषा तपासली नाही.

हे सगळं मामांना लांबलचक लिहून पाठवलं. संप मिटवायला उभा राहिलेला सेनेतेचा पुढारी साल्वादोर सेगी पुढं १९२३ मध्ये भर रस्त्यात गोळ्या खाऊन मेला, हे मात्र गाळलं. आज ती युनियन लहानशी उरलीय आणि हे शहरही भाषेवरून भांडतं, तेही गाळलं. मुद्दा बिघडला असता.

मामांचं उत्तर दोन ओळींचं: "२०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा तू कुठं होतास? तिथं बसून बरं सुचतंय की तुला."

झोंबलं. कारण गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात संप झाला. कराराचीच मागणी होती. सगळे खाली चौकात शिट्ट्या वाजवत होते आणि मी घरी लॅपटॉप उघडून बसलो होतो. इथं राहायच्या परवान्याचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आलेलं. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी कॉफीला मात्र कुणी हाकही मारली नाही. कामगार एकीवर मामांना धडे देणारा तो मीच.

आणखी एक. कातालानची परीक्षा मी दोन वर्षांत पास झालो. बसच्या ड्रायव्हरला 'बोन दिया' म्हणताना छाती फुगते. बेळगावात बावीस वर्षं काढली, कन्नड 'गोत्तिल्ला'च्या, म्हणजे 'माहीत नाही'च्या, पुढं सरकलं नाही. ते न येणं हाच आमच्या घरात बाणा होता.

बाबांचा सोडून. ते उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डर. वितळलेल्या लोखंडाचं लॅडल दोघांनी दोन बाजूंनी धरून साच्यापर्यंत न्यायचं, काळ्या वाळूतून, पाय घसरला तर संपलंच. त्यांच्या समोरच्या टोकाला पंचवीस वर्षं गोकाककडचा एक माणूस होता. तो एकच शब्द ओरडायचा. बाबा अजून चहा गाळताना पुटपुटतात तो.

काल फोन करून विचारलं, शब्द नेमका कुठला?

"निधान," बाबा म्हणाले. "सावकाश म्हणायचं ते. का रे, आता शिकणार काय?"