न्यूझीलंडला जाणाऱ्यांसाठी
लेख आवडला, पण "न्यूझीलंडमध्ये कॅम्परव्हॅन असली की कुठेही फुकट मुक्काम करा" हे वाचून कुणी गाडी बुक करू नका प्लीज. फ्रीडम कॅम्पिंगला (म्हणजे कॅम्पग्राउंडबाहेर असा फुकट मुक्काम करायला) बऱ्याच ठिकाणी सेल्फ-कंटेन्ड सर्टिफिकेट, म्हणजे गाडीत स्वतःची टॉयलेट-सांडपाण्याची सोय असल्याचं प्रमाणपत्र, लागतं आणि 2023 च्या कायद्यानंतर नव्या सर्टिफिकेटसाठी टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलंच हवं, बेडखाली सरकवायचं पोर्टेबल चालत नाही. साउथ आयलंडला फिरताना आम्ही आधी डंप स्टेशन (गाडीतली घाण आणि सांडपाणी ओतायची जागा) गाठायचो, टॉयलेटची कॅसेट (खालची काढता येणारी टाकी) ओतून धुवायची, सांडपाण्याची टाकी रिकामी करायची, मगच चहा. तरी पुकाकी तलावाकाठी सकाळी पडदा सरकवला की समोर थेट माउंट कुक, सगळा शीण जातो हो! आणि वेस्ट कोस्टला सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या जाम चावतात, खिडक्यांना जाळी असलेलीच व्हॅन घ्या.