रविवार बंद ठेवणारा देश, रविवारी दमणारी मंडळी

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, हे नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात, बहुधा दूध संपल्यावर, कळतं. पेट्रोलपंप, मोठ्या स्टेशनांतली दुकानं, सकाळी काही तास बेकरी आणि पाळीनुसार उघडं राहणारं एखादं औषधाचं दुकान, एवढंच चालू. वस्तीत गवत कापायचं यंत्र लावायचं नाही आणि रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या काचेच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. ही नुसती रीत नव्हे. 1919 च्या वायमार घटनेचं 139 वं कलम रविवारला विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षण देतं आणि 1949 च्या घटनेने ते कायम ठेवलं. बर्लिनने नाताळापूर्वीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा चर्च न्यायालयात गेली आणि 2009 मध्ये जिंकली.

ठाणे-नवी मुंबईच्या ख्रिस्ती मंडळींत विसाव्याचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास पुढे येतं. 2023 मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. 2025 च्या सुरुवातीला लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी 90 तासांचा आकडा काढला, वर रविवारी कामाला लावता येत नाही याची खंतही बोलून दाखवली. तेव्हापासून वडीलधारे म्हणतात, तरुण प्रभूचा दिवस पाळत नाहीत. तरुण म्हणतात, सगळ्यात जास्त दमणूक तर चर्चमध्येच होते. माझं मत तरुणांच्या बाजूला झुकतं, पण त्यांच्या उपायाच्या बाजूला नाही, कारण त्यांचा उपाय म्हणजे उशिरापर्यंत झोप आणि मोबाइल.

आधी जर्मनीचं कौतुक थोडं कमी करू. एवढ्या राखलेल्या रविवारी, 2023 मध्ये, तिथल्या कॅथलिकांपैकी मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, येणारे होते साधारण 6 टक्के. बाकीचे फिरायला जातात, दुपारी कॉफी-केक खातात, फुटबॉल बघतात. शरीराला आराम मिळतो, त्यात वाईट काही नाही. पण कायदा दिवस रिकामा करून देतो, त्यात प्रार्थना कोणी भरून देत नाही. आपल्याकडे उलट आहे. बाकं भरलेली, आणि बाकांवरची माणसं पेंगुळलेली.

शिवाय जर्मनीसारखा कायदा आपल्याकडे मागण्यात अर्थ नाही. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्यामुळे 1890 मध्ये मिळाली, आणि रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. ती सगळ्यांची सुट्टी आहे, एकट्या ख्रिस्ती माणसाची नव्हे. आता तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं वर्षभर रोज उघडी ठेवता येतात. कामगाराला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी द्यावी लागते, पण ती रविवारीच, असं नाही. वाशीच्या मॉलमधली मुलगी, ठाण्यातली नर्स, ऐरोलीत अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारा मुलगा यांची सुट्टी मंगळवारीही येऊ शकते. त्यांना ‘रविवार पाळा’ सांगणं म्हणजे नोकरी सोडा सांगणं.

इथे पवित्र शास्त्रातलं दिवसाचं मोजमाप कामाला येतं. तिथे दिवस संध्याकाळी सुरू होतो. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, तोही संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत. कॅथलिकांना शनिवार संध्याकाळच्या मिस्साने रविवारचं कर्तव्य पुरं करण्याची मुभा त्यांच्या चर्चच्या 1983 च्या कॅनन कायद्यात स्पष्ट आहे. रविवारी ड्यूटी असेल तर शनिवारी संध्याकाळी सामुदायिक उपासना आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासून आपला विसावा, अशी जोडणी करता येते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही महिन्यातून दोनदा शनिवारी सात वाजता तासाभराची उपासना ठेवावी. वाद्यवृंद नको, अहवालवाचन नको.

ज्यांचा रविवार मोकळा आहे, त्यांचा तरी कुठे जातो? साडेआठची उपासना, मग संडे स्कूल, गायनवृंदाचा सराव, महिला संघ, कमिटी. एकच माणूस यांतल्या तिघांत असतो, कारण होकार देणारी माणसं मोजकीच असतात. तो दीडला बाहेर पडतो, तेव्हा मेगाब्लॉक चालू असतो. ब्लॉक साधारण अकरा ते चार असतो, म्हणजे नेमका परतीच्या वेळेवर. पाचला कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. यात ‘आध्यात्मिक विसावा’ म्हणून आणखी एक कार्यक्रम घालायचा, ही आपली सवय. लोणावळ्याला बस काढून तीन दिवसांत डझनभर प्रवचनं ऐकवतात, त्याला एकांत म्हणतात. ते शिबिर आहे. चांगलं असेल, पण दुसऱ्या दिवशी रजा टाकावी लागते.

विसावा हवा असेल तर आधी वजाबाकी करावी लागेल. एका माणसाकडे एकच जबाबदारी. कमिटी आठवड्यात मधल्या दिवशी, फोनवर, पाऊण तास, तीनच विषय. पैशाचा विषय रविवारी काढायचा नाही. उपासनेनंतर बिघडलेली बहुतेक डोकी हिशेबावरून बिघडतात. महिन्यातल्या एका रविवारी आशीर्वाद झाला की दिवे बंद, सगळे घरी. पहिल्या महिन्यात कुरकुर होईल, बहुतेक ज्यांना घरी काम पडतं त्यांच्याकडून.

आणि घरचं काम हाच या विषयातला दडवलेला भाग. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली शब्बाथाची आज्ञा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि उपरी, सगळ्यांना विसावा देते. यादीत बायको नाही. ती ‘तू’मध्येच धरली आहे असं पंडित सांगतात, पण रविवारच्या मटणाकडे पाहिलं तर आपण यादी शब्दशः पाळतो. उपाय शनिवारचा आहे. वाटण करून फ्रीजमध्ये, मटणाला मीठ-हळद-आलं-लसूण लावून ठेवलेलं, कपडे इस्त्री केलेले, दानाचं पाकीट बायबलमध्ये. रविवारी एक कुकर, एक भात. भांडी पुरुषांनी आणि मुलांनी घासायची. यातलं एकही शनिवारी राहिलं तर ते रविवारी तिच्याच अंगावर येतं.

एवढं झाल्यावर मनाच्या विसाव्याला वीस मिनिटं लागतात, जास्त नाही. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या मठवासीयाने सांगितलेल्या चार पायऱ्या आजही पुरतात: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवासमोर बसणं. उतारा लहान घ्या. बायबलमधल्या स्तोत्र 131 मध्ये तीनच ओव्या आहेत. 127 मध्ये पाच, आणि त्यात पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबणं व्यर्थ असल्याचं म्हटलंय, 90 तासवाल्यांसाठी सोयीचं. हळू, मोठ्याने दोनदा वाचा. जिथे मन अडकतं त्या शब्दावर पाचेक मिनिटं थांबा. मग त्याच शब्दावरून देवाशी बोला. शेवटची पाच मिनिटं काही मागू नका.

बिघाड ठरावीक असतात. पूर्ण अध्याय घेतला की ते वाचन अभ्यास बनतं. बायबल मोबाइलवर उघडलं की वरून सोसायटीच्या ग्रुपवरचं पाण्याच्या टँकरचं भांडण डोकावतं. छापील प्रत घ्या आणि ग्रुप आठ तासांसाठी म्यूट करा, तो पर्याय व्हॉट्सॲपमध्ये आहे. तिसरा बिघाड म्हणजे झोप. तिची लाज वाटून लोक हे सोडूनच देतात. पण बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली झोपला, देवदूताने उठवून भाकर-पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, पुन्हा खाल्लं आणि त्यानंतरच होरेब डोंगराची वाट चालला. रात्रपाळी करणाऱ्याने आधी झोपच काढावी आणि वीस मिनिटं उठल्यावर धरावीत.

राहता राहिले पाळकसाहेब, ज्यांचा रविवार कोणत्याच हिशेबात मोकळा होत नाही. त्यांना सोमवार द्या आणि तो नावापुरता नको. सोमवारी अंत्यविधी आला तर तो करावाच लागेल, पण शाळेच्या दाखल्याची सही, घरभरणीची तारीख आणि कमिटीतली तक्रार मंगळवारपर्यंत थांबू शकते. बदली सुट्टी त्याच आठवड्यात द्यायची, आणि हे मंडळीच्या वार्षिक सभेत ठराव म्हणून लिहून घ्यायचं. तोंडी ठरलेली सुट्टी पहिल्या वाढदिवसाच्या प्रार्थनेलाच मोडते.